जेवू घालील त्यानं पोहोचवावं

माणसाच्या हावरेपणाची किळस जैतूनबी होडेकरांना जन्मापासूनच होती. पण ती स्वतःच्या अंगापर्यंत येऊन भिडली, ती थोरल्या मुलानं, नबीलनं, कुवेतहून पट्टा पाठवला त्या दिवशी.

पट्टा काळा, रबरी आणि वीतभर रुंद होता. पोटाभोवती आवळून विजेला जोडला की तो थरथरतो आणि आतली चरबी वितळवतो, असा त्याचा लौकिक. खोक्यावर एका बाईचं चित्र होतं. ती इतकी सडपातळ होती, की तिला या पट्ट्याची गरजच काय, असा प्रश्न कुणाही शहाण्या माणसाला पडावा. सुनेनं, कौसरनं, पट्टा बांधला, बटण दाबलं, आणि जैतूनबींची नजर कपाटाच्या आरशावर गेली. साडीखालचं पोट, कुशीच्या वळ्या, दंडांचं लोंबतं मांस, हनुवटीखालची पिशवी, सारं काही परातीतल्या खरवसासारखं डुलत होतं. नवऱ्याच्या मागं दोन लाँची चालवणारी, बंदरावरच्या गड्यांना नुसत्या नजरेनं गप्प करणारी ही बाई. आणि तिचंच पोट तिच्या हुकमात नव्हतं.

“बंद कर ते,” त्या म्हणाल्या.

“अम्मी, चरबी विरघळताय, जरा कळ काढा.”

“चरबी जागच्या जागी आहे. विरघळतेय ती लाज.”

पट्टा माळ्यावर गेला. त्यानंतर शेजारची हनिफा मुंबईहून आणलेली भुकटी घेऊन आली. ती पाण्यात कालवून प्यायची आणि दिवसभर दुसरं काही खायचं नाही. जैतूनबींनी डबा उघडून एकदा वास घेतला, झाकण लावलं आणि हनिफाला सांगितलं, की हे गुरांच्या डॉक्टरला दाखवून घे.

एवढी खटपट कशासाठी, तर हजसाठी. दोन हजार तीन सालच्या पावसाळ्यात त्यांचा नंबर लागल्याचं कळलं होतं. पुढच्या वर्षाच्या आरंभी धाकट्या मुसाला सोबत घेऊन निघायचं होतं. त्याआधी मुसानं त्यांना गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर सभ्य होते. गुडघ्यांचा फोटो उजेडासमोर धरून, आतली गादी कशी झिजली आहे ते त्यांनी समजावलं, आणि म्हणाले की एवढं वजन घेऊन तिथलं चालणं व्हायचं नाही. पण काळजीचं कारण नाही, चाकांची खुर्ची मिळते.

खुर्ची हा शब्द कानी पडला आणि जैतूनबींच्या तोंडाची चवच गेली.

त्या शब्दामागं एक जुनं प्रकरण होतं. त्यांची धाकटी नणंद फरीदा तीन वर्षांपूर्वी हज करून आली. फरीदा म्हणजे देहानं डोंगर. पावस गावाच्या रस्त्यावर फणसोपला तिचं घर आणि कलमांची बाग. पण बागेत मोहोर आला की नाही, हे तिला गडी येऊन सांगत, इतकं तिचं बूड जागेवरून हलत नसे. हजला गेल्यावरही तिनं सारं काही खुर्चीत बसूनच केलं. परतल्यावर तिच्या गळ्यात हार पडले, बायकांनी घर भरलं, आणि फरीदा तिथल्या गोष्टी रंगवून सांगू लागली, तेव्हा जैतूनबींनी भरल्या ओट्यावर विचारलं होतं, “हज फरीदानं केला, की खुर्चीनं?”

बायका हसल्या. मौलवीसाहेबांच्या बायकोनं लगेच सांगितलं, की अपंगाला, म्हाताऱ्याला, आजाऱ्याला खुर्चीची पूर्ण मुभा आहे, आणि सवाब, म्हणजे पुण्य, तितकंच आहे. ते जैतूनबींनाही ठाऊक होतं. मुभेबद्दल त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं ते फरीदाच्या ताटाबद्दल. पण बोललेलं वाक्य काही परत येत नाही. ते त्यांच्या राजिवडा मोहल्ल्यातून निघून पार मिऱ्यापर्यंत फिरलं, आणि फरीदानं भावजयीशी बोलणं टाकलं.

आता त्याच खुर्चीत स्वतः बसायचं, आणि परत येऊन त्याच बायकांच्या डोळ्यांत डोळे घालायचे? त्यापेक्षा न गेलेलं बरं. जायचं तर स्वतःच्या पायांनी, नाहीतर नाही, हे त्यांनी त्या दिवशी ठरवलं. आणि जैतूनबींनी ठरवलेलं मोडायची घरात पद्धत नव्हती.

त्यांनी मग अंगातल्या चरबीशी तसंच वैर मांडलं, जसं एके काळी लाँचीवरून माल चोरणाऱ्या खलाशाशी मांडलं होतं. रात्रीचा भात बंद झाला. नारळाच्या घट्ट रसाची कालवणं बंद झाली. त्यांच्यासाठी मासा नुसत्या हळद-कोकमात शिजू लागला. तांदळाची एक भाकरी, आणि दुसरी वाढायला येणाऱ्या हातावर एक चापटी. फजरच्या नमाजनंतर काठी घेऊन त्या खाडीच्या कडेनं चालू लागल्या. पहिल्या पंधरवड्यात मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन धापा टाकत परत येत. पाऊस ओसरेपर्यंत भाट्याचा पूल ओलांडून सुरूच्या बनापर्यंत जाऊ लागल्या.

चरबी हट्टी असते. ती आधी चेहऱ्यावरून गेली, जिथून जावी अशी कुणाची इच्छा नव्हती, मग दंडांवरून. पोट मात्र मालकासारखं ठाण मांडून बसलं. कित्येक आठवडे काटा जागचा हलेना. कौसर म्हणू लागली, की अम्मी, आता वयच असं आहे, सोडा. जैतूनबींनी तिला विचारलं, की माझं वय झालं आहे की तुझं, आणि त्या दिवशी पुलाच्या पुढं आणखी थोडं चालून आल्या.

रमजानात तर कहर. दिवसभर रोजे धरणारं घर संध्याकाळी तळणावर असं तुटून पडे, की बघवत नसे. भजी, समोसे, मालपुवे. बोटांवरून कोपरापर्यंत ओघळणारं तेल. आणि नंतर अंगणभर ढेकर. रोजा भुकेला लगाम घालण्यासाठी असतो, आणि इथं लगाम सुटलेली घोडी. जैतूनबी खजूर आणि पाण्यावर रोजा सोडून वाटीभर पेज पीत आणि त्या सगळ्यांकडे पाठ करून बसत. पण पोटातून एक सुस्कारा उठे, तो त्यांना ऐकू येई. ईदच्या सुमाराला जुन्या झंपरांत दोन जैतूनबी मावतील अशी अवस्था झाली. गुडघे कुरकुरत, पण चालत. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि म्हणाले, आता जमेल. फक्त गेलेलं परत येऊ देऊ नका, कारण घालवण्यापेक्षा ते राखणं कठीण.

ते किती कठीण, ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. हजला निघणाऱ्या माणसाला आमच्याकडे घरोघरी जेवू घालतात.

निघण्यापूर्वीचा महिना म्हणजे दावतींचा महिना. दीर, जावा, भाचे, व्याही, शेजारी, लाँचीवरचे तांडेल, ज्याच्या घरी चूल आहे तो प्रत्येक जण हाजीला ताटावर बसवणार. नकार दिला तर अपमान, आणि अपमान करून हजला जायचं नसतं. कारण त्याच महिन्यात दारोदार जाऊन कह्या-सुन्याची, बोलल्या-वागल्याची, माफी मागायची असते. अल्लाचे हक्क अल्ला माफ करील, पण माणसाचा हक्क त्या माणसानंच सोडावा लागतो. म्हणजे ज्या दारात माफी, त्याच दारात बिर्याणी. इतक्या महिन्यांत जे घालवलं, ते चार आठवड्यांत तूप होऊन परत यायचं.

जैतूनबींनी पहिली दावत थोरल्या दिराघरी घेतली. बिर्याणीच्या थाळीवर वाढणाऱ्यांनी वरून तूप ओतलं, एक घास पोटात गेला की दोन ताटात पडत, आणि समोर बसलेली चुलत जाऊ नळी चोखताना असा आवाज करत होती, की जैतूनबींनी डोळे मिटून घेतले. “खा गे, सुकलीस,” असं सगळ्या म्हणत होत्या. एकीनं तर कानाशी लागून साखरेचा आजार झाला का म्हणून विचारलं. माणूस फुगलं तर सुखी, आणि ओसरलं तर रोगी! त्या घरून निघताना त्यांनी नियम केला: माफी मागायला सकाळी नाश्ता आवरल्यावर आणि दुपारची चूल पेटण्याआधी जायचं, पाणी प्यायचं, आणि उठायचं. कुणाच्याही घरी जेवायचं नाही. एकाकडे जेवलं तर शंभरांकडे जेवावं लागतं.

लोक रुसले. कुणी म्हणालं, हजच्या आधीच हाजीण झाली. पण जैतूनबींचा दरारा असा, की तोंडावर कुणी बोललं नाही, आणि माफी सगळ्यांनी दिली. राहिली एक फरीदा.

निघायला आठवडा उरला तेव्हा मुसानं जीप काढली आणि त्या फणसोपला गेल्या. सकाळच्याच वेळी गेल्या होत्या. पण फरीदा काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. निरोप मिळताच तिनं पहाटेपासून चूल पेटवली होती. भावजय ओट्यावर पाय ठेवते न ठेवते, तोच आतून नारळाच्या दुधाचा आणि तळलेल्या कांद्याचा वास आला.

फरीदा पलंगावर बसली होती. बसली होती म्हणण्यापेक्षा पसरली होती. पलंगाची कड तिच्या मांड्यांखाली दिसेनाशी झाली होती, आणि पंखा असूनही गळ्याच्या वळ्यांत घाम साचला होता. तिनं भावजयीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“ये भाभी. अर्धीच आलीस. बाकीची घरी ठेवलीस काय?”

जैतूनबी बसल्या. पाणी प्यायल्या. मग त्यांनी, जसं इतरांना म्हटलं होतं तसंच, शब्द न चुकवता म्हटलं, की माझ्याकडून बोलण्यात-वागण्यात काही चूक झाली असेल तर माफ कर.

“काही?” फरीदा म्हणाली. “नाव घेऊन माग.”

खोलीत फरीदाची सून उभी होती, मुसा उभा होता. जैतूनबींनी मान ताठ ठेवूनच सांगितलं, “तुझ्या हजला मी खुर्चीचा म्हटलं. ते बोलणं माझं चुकलं.”

फरीदानं सुनेला ताट आणायला सांगितलं.

ताटात सांदणं होती. तांदळाची, वाफवलेली, पांढरीशुभ्र, नारळाच्या गोड रसात बुडालेली आणि वर तुपाचं तळं. शेजारी मटणाचा लालभडक रस्सा, त्यावर बोटभर तवंग. बाजूला तळलेली सुरमई, आणि दुसऱ्या वाटीत खीर.

“जेव,” फरीदा म्हणाली. “ताट स्वच्छ झालं की माफ.”

“फरीदा, मी कुठंच जेवत नाही. सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“म्हणूनच. गावानं ताट दिलं, तू लाथाडलंस. माझं लाथाडून जा. पण मग माझं ओझं तुझ्या मानेवर. ते घेऊन चाल तिथं.” ती हसली, तेव्हा तिचा सगळा देह हसला. “न्हाय झेपलं, तर खुर्च्या आहेत. मऊ असतात. मी सांगते ना.”

तिला काय हवं आहे, ते जैतूनबींना लख्ख दिसलं. हे ताट म्हणजे नियम मोडणारं पहिलं ताट. फरीदाकडे जेवली हे संध्याकाळपर्यंत राजिवड्यात पोहोचणार, आणि उद्यापासून उरलेला आठवडाभर प्रत्येक दार उघडणार. त्यांनी मुसाकडे पाहिलं. मुसा जमिनीकडे पाहत होता. त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि सांदणाचा तुकडा तोडला.

आणि इथं ते घडलं, ज्याची त्यांना आयुष्यभर लाज वाटणार होती. औषधासारखं गिळायचं असं ठरवून त्यांनी घास तोंडात घातला होता. पण जीभ कशाला ऐकते! नारळाचा रस टाळूला लागला आणि इतके महिने दाबून ठेवलेली भूक एखाद्या भुकेल्या कुत्र्यासारखी झेपावून वर आली. दुसरा घास पहिल्यापेक्षा मोठा होता. रश्श्यात बोटं बुडाली, तूप मनगटावर आलं, हाड कधी तोंडाशी गेलं ते कळलं नाही. चोखण्याचा आवाज कानी पडला, आणि तो आपलाच आहे हे कळायलाही एक क्षण लागला. ताट स्वच्छ झालं. सून भांडं घेऊन उभी होती, आणि जैतूनबींच्या तोंडून शब्द गेला, “आणखी एक.”

फरीदा त्यांच्याकडे पाहत होती. रागानं नव्हे, ओळखीनं.

“माफ,” ती म्हणाली. “जा भाभी. तूही माझ्यासारखीच हाईस. नुसती कमी खाल्लेली.”

त्या वाक्यानं जी किळस आली, तशी पट्ट्यानं नव्हती आली, चुलत जावेच्या नळीनंही नव्हती आली. चरबी गेली होती. खाणारी तिथंच होती, आत, मांडी घालून, वाट बघत. जैतूनबींनी हात धुतले, साबणानं पुन्हा धुतले, तरी बोटांना तुपाचा वास राहिला. फरीदाला सलाम करून त्या ओट्यावरून उतरल्या. मुसानं जीपचं दार उघडलं.

त्या दाराजवळून पुढं गेल्या आणि फाटकातून रस्त्याला लागल्या.

“अम्मी, अगो कुठं? ऊन बघ!”

“घरी.”

“चालत? खुळी झालीस काय?”

त्या चालत राहिल्या. डांबरी रस्ता तापला होता. पोटातलं जेवण शिशासारखं खाली ओढत होतं, आणि पावलागणिक तुपाचा ढेकर घशाशी येत होता. गोड, आंबूस, ओशट. वाटेत एकदा त्यांना वाटलं की ओकून टाकावं, म्हणजे सुटले. पण ओकणं म्हणजे अन्नाचाही अपमान आणि माफीचाही. जे खाल्लं ते चालूनच फेडायचं. मागं जीप पहिल्या गियरमध्ये घुरघुरत येत होती. रस्त्याकडेच्या बायका चूल सोडून बघायला बाहेर आल्या. उतारावर गुडघ्यांनी आपलं म्हणणं मांडलं, तेव्हा काठीवर भार देऊन त्या थांबल्या, पुन्हा निघाल्या. सुरूच्या बनाशी मुसा जीपमधून उतरला, जीप तिथंच सावलीत लावली आणि आईच्या शेजारी चालू लागला.

भाट्याच्या पुलावर आल्या तेव्हा दुपार कलून असरची अजान झाली. खाडीवरून वारा आला. पोट हलकं झालं नव्हतं, पण पाय अजून पाय होते.

संध्याकाळी अंदाजाप्रमाणे फोन सुरू झाले. पहिला धाकट्या दिराचा. फरीदाकडे जेवलात, मग आमच्या घरानं काय घोडं मारलं? उद्या दुपारी या. जैतूनबींनी कौसरच्या हातून फोन घेतला.

“येईन,” त्या म्हणाल्या. “पण आज फरीदाकडचं जेवण मी चालत घरी आणलं. आता हाच रिवाज. जेवू घालील त्यानं पोहोचवावं. जेवण झालं की तुम्ही, तुमची बायको आणि ज्यानं ज्यानं मला वाढलं तो प्रत्येक जण माझ्यासोबत राजिवड्यापर्यंत पायी यायचं. गाडी नाही, रिक्षा नाही.”

“भाभी, भर दुपारी? माझी छाती...”

“तुमच्या छातीला न झेपणारं जेवण माझ्या गुडघ्यांना कसं झेपेल?”

कौसर पदर तोंडात कोंबून हसत होती. दुसऱ्या फोनला तेच उत्तर गेलं, तिसऱ्यालाही. मग फोन थांबले. ताटभर बिर्याणीचं प्रेम आपल्याच उंबऱ्याबाहेर चार पावलंही टाकू शकत नाही, हे पाहून जैतूनबींना हसू यायला हवं होतं, आलं नाही. प्रेम एवढं स्वस्त असेल, तर त्यावर एवढं तूप कशाला ओतायचं? त्या आठवड्यात एकच माणूस अट मानून बोलवायला आला. लाँचीवरचा म्हातारा तांडेल इस्माईल. त्यानं मिरकरवाड्याला आपल्या घरी वाटीभर मुगाची खिचडी वाढली आणि तिथून राजिवड्यापर्यंत बिडी न ओढता सोबत चालत आला.

आणि हजला जैतूनबी चालल्या. पाय सुजले, टाचांना भेगा पडल्या, गर्दीत मुसाचा हात कितीदा सुटला आणि पुन्हा सापडला. पण सफा आणि मरवा या टेकड्यांमधलं अंतर त्यांनी स्वतःच्या पायांनी तोडलं. शेवटच्या फेरीत शेजारून एक खुर्ची गेली. तिच्यात काडीसारखी वाळलेली एक म्हातारी होती. डोळे मिटलेले, ओठ हलणारे. अंगावर चरबीचा कण नव्हता. जैतूनबी बाजूला झाल्या आणि त्यांनी खुर्चीला वाट दिली. किळस आली नाही, हे बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं.

परत आल्यावर हार पडले, जमजमचं पाणी आणि खजूर वाटून झाले, आणि दावतींची दुसरी लाट उठली. रिवाज कायम आहे, असं कौसरनंच सगळ्यांना परस्पर कळवून टाकलं. लाट बाहेरच्या बाहेर ओसरली. जैतूनबींचं पहाटेचं चालणं सुरू राहिलं, रात्रीचा भात बंदच राहिला. काटा जागेवर होता. भूकही जागेवर होती. सांदणाचा वास कुठल्याही घरातून आला की ती मान वर करी, आणि जैतूनबी तिला, शिकवूनही न शिकणाऱ्या नोकराला सांगावं तसं, बस म्हणून सांगत. हे मरेपर्यंत रोज सांगावं लागणार, एवढं त्यांना कळून चुकलं होतं.

आंबे उतरू लागले तेव्हा फणसोपहून फोन आला.

“भाभी,” फरीदा म्हणाली, “जेवायला ये.”

“रिवाज ऐकलास ना?”

“ऐकला. पोहोचवायला मी येईन.”

तिकडून फरीदाचा श्वास ऐकू येत होता. नुसतं बोलतानाही लागलेली ती धाप, ओली आणि जड. किती वर्षांत ती ओट्यावरून खाली उतरली नसेल!

“कुठपर्यंत येशील?”

“बागेच्या फाटकापर्यंत.”

“ठीक आहे,” जैतूनबी म्हणाल्या. “मग फाटकापर्यंतचंच वाढ.”